गोदाबाईची पाणकणसं

मोहफुलं वेचून गोदाबाई आठ दिवसांनी बिरस्याच्या जंगलातून परतली, तर वस्ती ओळखू येईना. ओटे सारवलेले, गल्लीला चुन्याच्या रेघा, दारोदारी निळ्या पताका. उद्या जयंती होती. पण विहिरीच्या वरच्या अंगाला नजर गेली आणि डोक्यावरचं गाठोडं तिनं तिथंच टाकलं. तिनं चरात लावलेली पाणकणसं, ती पुरुषभर उंच पाणगवताची झुडपं, नव्हती.

वर टेकाडावर एक वसतिगृह झालं होतं. त्याच्या संडासाच्या टाकीचं पाणी उतारानं खाली यायचं आणि विहिरीशेजारी मुरायचं. गोदाबाईची दोन लेकरं हगवणीनं गेली. पक्क्या गटाराला मंजुरी नाही, असं ओव्हरसियरनं सांगून टाकलं. तेव्हा तिला रामपायलीजवळचं माहेर आठवलं. तिथं गोठ्याचं पाणी पाणकणसांतून झिरपत बोडीत, गावच्या लहानशा तळ्यात उतरायचं, आणि बोडीचा तळ दिसायचा. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, भोजराजनं, वीस हात चर खणला. तळाला धानाच्या बांधीतली, भातखाचरातली चिकण माती चोपली, वर वैनगंगेतले गोटे भरले, आणि धानाचा रोवणा करावा तशी कणसांची मुळं ओळीनं लावली. पलीकडच्या टोकाचं पाणी नाल्याकडे वळवलं.

"गोदीनं गुवाची बांधी केली," बाया हसल्या होत्या. पण वर्षभरात त्या टोकाच्या पाण्याचा वास गेला. पुढची दोन वर्षं वस्तीत एकही लेकरू दगावलं नाही. तिची धाकटी अंजना त्याच दोन वर्षांत चालायला, बोलायला शिकली.

जयंतीचं काम बघणारा महागू चुन्याचे हात धोतराला पुसत आला. "वैनी, पाह्य कशी चकाचक केली वस्ती. तो झुडपाचा कचरा तं म्या सोता उपटला. उद्या पाहुणे येऊन राह्यले, काय म्हनतीन?"

"मुळं कोठी हायेत?"

"जाळली."

"अन् गोटे?"

"मंडपाच्या चौथऱ्यात घातले. काहून?"

ती चराच्या काठाशी वाकली. मुळांबरोबर तळाची चिकण मातीही उखडली होती. काळं पाणी सरळ विहिरीच्या अंगाला मुरत होतं. ती घराकडे धावली. अंजना खाटेवर आडवी होती, डोळे खोल गेलेले, ओठांना कोरड.

"परवापासून," भोजराज म्हणाला. "दवाखान्यातून औषधाची बाटली आनली. पोटात काहीच राह्यत नाही."

"पानी कोनतं पाजलं?"

भोजराजनं विहिरीकडे पाहिलं. "चर उपटला तवा म्या मजुरीले गेलतो."

सकाळी बाया घागरी घेऊन आल्या, तेव्हा गोदाबाई विहिरीच्या काठावर बसली होती. दोर तिनं मांडीखाली दाबून धरला होता. दुपारी साऱ्या वस्तीचं जेवण होतं.

"वैनी, बाजूले हो," महागू म्हणाला.

"नाही."

"लोकायच्या विहिरीवर आपल्याले कोनी चढू देत नव्हतं. छप्पन सालानंतर आपन ही आपल्या हातानं खोदली. अन् आजच्या दिवशी तूच आपल्या मानसायले अडवून राह्यली?"

त्या विहिरीची माती गोदाबाईनं पोटुशी असताना डोक्यावर वाहिली होती. पहिलं पाणी लागलं तेव्हा ती रडली होती. आता तिला महागूकडे पाहवेना.

"हौ भाऊ, अडवून राह्यली. आधी घरात जाऊन अंजनीले पाह्य. मंग काढ पानी."

शेजारची म्हातारी विमलाबाई आधी गेली. बाहेर आली, घागर काखेत मारली आणि नदीची वाट धरली. दोघी-तिघी तिच्यामागे निघाल्या. बाकीच्या कुजबुजत उभ्या राहिल्या. महागू घरात गेला, तो बराच वेळ बाहेर आला नाही. आला तो सरळ मंडपात गेला आणि चौथऱ्यातले गोटे उपसायला लागला. जयंतीची सभा तासाभरावर आली होती. एकेक पाटी तो चराशी नेऊन ओतत होता.

उन्हं कलली तेव्हा भोजराजनं नाल्यातून खणून आणलेली मुळं घेऊन गोदाबाई चरात उतरली. रोवणा करताना सरकावं तशी ती उलट्या पावलानं सरकत होती. उन्हाळ्यानं नाला आटला होता, मुळं वाळकी होती. जोम धरायला पाऊस हवा, आणि अख्खा वैशाख अजून पुढे होता.

घरातून अंजना पाणी मागत होती. नुकतंच आणलेलं नदीचं पाणी चुलीवर अजून उकळलं नव्हतं. गोदाबाईनं पुढचं मूळ चिखलात दाबलं आणि कान घराकडे लावला. पुन्हा हाक आली. मग बराच वेळ आली नाही, तेव्हा हातातली मुळं टाकून ती धावत सुटली.