दिवसभर चालणारी पावती

दंड झाला की माणूस सुधारतो म्हणणाऱ्यांनी मला स्कूटी चालवताना बघितलेलं नाही.

चिकलठाण्याला आम्ही घर घेतलं तेव्हा आजूबाजूला शेतंच होती. मग सोसायट्या आल्या, रस्ता रुंद झाला, मधोमध दुभाजक आला. पाणी तेवढं आलं नाही! दुष्काळामुळं नळ आठवड्यातून एकदा यायचा, म्हणून पिण्याचं पाणी जारनं आणायचो. जारचं दुकान आमच्याच बाजूला, जरा पुढं. जाताना सरळ जायचं, पण येताना नियमानं यायचं तर पार लांबच्या चौकातून वळसा. त्यापेक्षा उलट्या बाजूनं हे आलंच घर! (कडेकडेनं, हॉर्न वाजवत. आपल्याला काय कळत नाय का?)

त्या दिवशी फुलंब्रीचे पाहुणे आमच्या ज्योतीला बघायला येणार होते. मुलगा तिच्याच ऑफिसातला. दोघांचं आधीच पक्कं होतं, फक्त त्याच्या आईवडिलांनी हो म्हणायचं बाकी होतं. पोरीनं दोन दिवस धड जेवण केलं नव्हतं.

पहिला जार आणताना ट्रॅफिकवाल्या मॅडमनी अडवलं. ज्योतीच्याच वयाची पोरगी. दंड भरला, पावती घेतली आणि विचारलं, "आता दिवसभर परत पकडणार नाय ना?" ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. मी ते 'व्हय' असं धरलं. आमच्या गल्लीत सगळ्यांचं हेच, एकदा पावती फाडली की त्या दिवसापुरता रस्ता आपला!

त्यामुळं दुसरा जार आणताना माझा रुबाबच वेगळा. मागं आमचे हे, मांडीवर जार घेऊन.

"अगं, कडेनं तरी घे."

"दंड भरलाय. कडेनं कशाला?"

आणि समोरून मोटारसायकल आली. पांढऱ्या कपड्यातले एक गृहस्थ, मागं नव्या साडीतल्या बाई, हातात पेढ्यांचा पुडा. मी आणि त्यांनी, दोघांनीही कचकन ब्रेक दाबले. ह्यांच्या मांडीवरचा जार निसटला, त्याचं झाकण उडालं आणि वीस लिटर पाणी त्या गृहस्थांच्या अंगावर! (त्या वर्षी एवढं पाणी आमच्या गल्लीत कुणी अंगावर घेतलं नसंल.)

ते शांतपणे म्हणाले, "बाई, आम्ही आमच्या बाजूनं चाललोय."

माणसानं तिथं माफी मागावी का नाही? मी पर्समधून पावती काढून त्यांच्या नाकासमोर नाचवली. वर ऐकवलं, की गावाकडच्या लोकांनी शहरात गाडी आणूच नये. आमच्या ह्यांनी तोवर तोंडाला रुमाल बांधला होता.

घरी येऊन साडी बदलते तोच बेल वाजली. दार उघडलं, तर दारात तेच गृहस्थ. निथळत होते. शेजारी त्याच बाई, हातात भिजलेला पुडा. मुलाचे आईवडील!

मी सरळ स्वयंपाकघरात जाऊन लपले. आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. ज्योती आत आली. तिला ह्यांनी सगळं सांगितलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. डोळ्यात पाणी आणून एवढंच म्हणाली, "आई, आता ते नाही म्हणतील ना गं?"

मग गेले बाहेर. हात जोडले. "चूक माझी होती. बोलायचं ते मला बोला, पोरीला त्याची शिक्षा देऊ नका."

मुलाच्या वडिलांनी आधी ओलं तोंड पुसलं. मग ते म्हणाले, "मुलगी पसंत आहे. पण आमची एक अट आहे." आमच्या ह्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. हुंडा मागतायत का काय!

"विहीणबाईंनी आमच्याकडं यायचं, ते एसटीनं यायचं."

लग्नाला किती वर्षं झाली, अजून फुलंब्रीला मी एसटीनंच जाते. रस्त्यात एखादी स्कूटी उलट्या बाजूनं घुसली की अख्खी बस तिच्या नावानं बोटं मोडते. मी खिडकीतून बाहेर बघत गप्प बसते, आणि शेजारची बाई म्हणते, "बघा, तुमच्यासारखी शांत माणसं आता राहिली नाहीत."