कवठावरची फुली

आता काय झालं ते माझ्याच तोंडून ऐका. शेजारचा बबन सांगेल तेव्हा तिखटमीठ लावूनच सांगेल!

मंगळवार होता. मी मेथी निवडत बसलो होतो. बबन दारातूनच ओरडला, "सर, रेल्वेच्या वाटंवरल्या झाडांना लाल फुल्या मारल्यात!"

रेल्वे म्हणजे धरणाला दगड वाहणारी, जुनी, छोटीशी. रूळ केव्हाच गेले. आता त्या पट्ट्यावर चालायला आणि सायकली फिरवायला चार गावं ओलांडून जाणारी लांबच लांब वाट होते आहे. तिच्याच कडेला माझ्या बायकोनं लावलेलं कवठ आहे. ती जाऊन दोन वर्षं झाली.

"कवठाला पण?"

"त्याला तर लई मोठी!"

आता मला सांगा, हायवे रुंद होताना ज्यानं पाहिलाय, त्याला लाल फुलीचा अर्थ समजावून सांगायला हवा का? घरावर फुली, घर गेलं. झाडावर फुली, झाड गेलं!

पहाटे खुरपं घेऊन निघालो. बिबट्याच्या धास्तीनं मोबाइलवर मोठ्यानं बातम्या लावल्या आणि फुली खरवडायला बसलो. सालीला धक्का न लावता, चांगला तासभर! डागसुद्धा ठेवला नाही. मग तिथंच राखण करत बसलो.

आठ वाजता करवतवाले आणि त्यांचा मुकादम आले, मागोमाग बबन. फुली असलेल्या लिंबाला वळसा घालून ते थेट कवठापाशी! मशीन घरघरलं. मी बुंध्याला मिठी मारली.

"सर, बाजूला व्हा, लागंल!" बबन ओरडला.

"फुलीचं झाड सोडून हेच का?"

"फुलीचं ठेवायचं हाय. बिनफुलीचं तोडायचं!" करवतवाला म्हणाला.

"अहो, याला फुली होती!"

"मग गेली कुठं?" मुकादम म्हणाला.

बबननं माझ्या खुरप्याकडं पाहिलं. "सर! आवो, याला आजून एक कवठ लागलं न्हाई. एवढं काय हाय त्यात?"

मी मिठी सोडली नाही.

शेवटी मुकादमानं मशीन बंद करायला लावलं आणि रंगाचा ब्रश माझ्या हातात दिला. "मारा तुमीच. आन या वहीत लिवा, झाड का ठेवायचं ते."

फुली मारली. वाकडीतिकडी, पण लिंबाच्या दुप्पट! वहीत झाडाचं नाव लिहिलं, सही केली. पुढचा रकाना होता, 'कारण'.

वीस वर्षं पोरांना निबंध शिकवणारा मी म्हणालो, "उद्या लिहितो."

त्याला महिना झाला. रकाना अजून रिकामाच आहे.