डोंगरावर लावलेलं घड्याळ

सेकंदराव हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते गल्लीने ठेवलं. चहाला उकळी फुटायला, जावयाला रुसायला, दोन शेजारणींचं भांडण पेटायला किती सेकंद लागतात, हे या गृहस्थांना तोंडपाठ. नोकरीच तशी. डोंगराच्या अलीकडे भूकंप मोजायचं केंद्र, तिथली यंत्रं ते सांभाळत. डोंगराच्या पलीकडे दगडखाण. रोज दुपारी खाणीत सुरुंग उडाला की त्याचा हादरा डोंगराच्या पोटातून केंद्रापर्यंत यायचा. मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तशीच ही डोंगराला टिचकी. खडक घट्ट असला की हादऱ्याची लाट झपकन पोचते. ताण बसून आत फटी पडायला लागल्या की रेंगाळते. खाणीतलं यंत्र लाट निघाल्याची वेळ टिपायचं, केंद्रातलं पोचल्याची. मधला फरक म्हणजे डोंगराची तब्येत.

ती तब्येत वर्षानुवर्षं अशी ठणठणीत, की कुणी तिची चौकशीच करेना. केंद्रातलं घड्याळ मात्र म्हातारं आणि पुढे पळणारं. सेकंदरावांनी त्यावर युक्ती काढली. लाट उशिरा आलेली दिसली की घड्याळ पुढे गेलं असं धरायचं आणि तेवढं मागे सारायचं. "लोक भोंग्यावर घड्याळ लावतात, मी डोंगरावर लावतो," असं ते ऐटीत सांगत. साहेबांनाही पटलेलं. डोंगर कशाला उशीर करेल? त्याला का बाहेर पडताना केस विंचरायचे असतात?

मग नवं घड्याळ आलं. थेट उपग्रहाकडून वेळ घेणारं. त्याला बोट लावायची सोयच नाही. पहिल्याच दुपारी लाट उशिरा आली. सेकंदरावांनी घड्याळाचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी ती आणखी रेंगाळली. त्यांनी तारा बदलल्या, खाणीतलं यंत्र जाऊन तपासलं. सगळं जिथल्या तिथे. साहेब म्हणाले, "वर कळवतो. तोवर बोभाटा नको."

तिसऱ्या दुपारी खाणीकडून सुरुंग उडाल्याची खूण आली. पडद्यावरची रेघ सरळच चालली होती, शहाण्या मुलासारखी. सेकंदराव वाट बघत राहिले. इतकी वाट त्यांनी कधी बघितली नव्हती. रेघ थरथरली तेव्हा त्यांनी फरक मोजला. जुनं घड्याळ इतकं पळत नव्हतंच. डोंगर आतून फाकत होता, आणि त्याचा उशीर ते आपल्याच बोटाने पुसत आले होते. किती दिवस, देव जाणे.

पायथ्याशी त्यांच्या ताईचं घर होतं. भाची बाळंतपणाला आलेली, तान्हं घेऊन तिथेच. सेकंदराव धापा टाकत दारात उभे राहिले.

"ताई, पोरीला आणि बाळाला घे, माझ्याकडे चल. आत्ता."

"का रे? बायको रुसून गेली वाटतं! स्वयंपाकाला बाळंतीण नेतोस होय?"

"चेष्टा नको. डोंगराचं लक्षण ठीक नाही. लाट उशिरा येतेय."

"येऊ दे की. पोरीच्या लग्नात तू तरी कुठे वेळेवर आलास?"

भाची आतून खिदळली. "मामा, कधी कोसळणार ते सेकंदात सांगा! तेवढ्यात बाळाला पाजून घेते."

सेकंदरावांनी दाराजवळच्या खुंटीवरची पिशवी काढून हातात घेतली.

"ते नाही गं सांगता येत," ते म्हणाले. "उद्या कोसळेल, दहा वर्षांनी कोसळेल. नाहीही कोसळणार. पण आत काहीतरी सुटत चाललंय."

आतलं हसणं थांबलं. ताईने भावाचा चेहरा नीट बघितला.

"आणि हे तुला आज कळलं?"

"केव्हाच कळायला हवं होतं. मीच घड्याळ मागे सारत बसलो."

ताई आत वळून म्हणाली, "बाळाची दुपटी घे गं. बाकीचं राहू दे."

बाहेर पडताना मात्र ती उंबऱ्यावरच अडली. दोन्ही बाजूंना घरांची रांग. कुणी कपडे वाळत घालत होतं, कुणी दारात भांडी घासत होतं.

"यांना काय सांगायचं?"

"साहेबांनी बोभाटा नको म्हटलंय. नोकरी..." सेकंदराव म्हणाले. बाळ ताईच्या खांद्यावर जांभई देत होतं. त्यांनी हातातली पिशवी भाचीकडे दिली. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाले आणि शेजारच्या शिंप्याच्या दारात जाऊन उभे राहिले.

"या या सेकंदराव!" शिंपी मान वर न करता म्हणाला. "काय, शिवण उसवली कुठे?"

"हो," सेकंदराव म्हणाले. "तुमच्या घराच्या मागे."

शिंपी मनापासून हसला. त्याचं मशीन काही थांबलं नाही.