मार्थाने मागितलेली जागा

मार्था साळवेला मी फसवलं. त्याआधी बंगळूरच्या मॅनेजरने मला फसवलं होतं, तेही खरं. पण ते नंतर.

नगरच्या सावेडीत आमचं दहा जणांचं ऑफिस आहे. आम्ही चिपचा फ्लोअरप्लॅन करतो, म्हणजे नखाएवढ्या सिलिकॉनवर कोणता भाग कुठे बसवायचा ते ठरवतो. मेमरीसारखे काही भाग तयार येतात, त्यांचा आकार बदलत नाही. ते हार्ड ब्लॉक. बाकीचे सॉफ्ट. त्यांचं क्षेत्रफळ तेवढंच ठेवून आकार लांबट करा, नाहीतर चौकोनी. प्लॉट वीस बाय पन्नास असो की पंचवीस बाय चाळीस, हजार फूट ते हजार फूटच.

जागा मागताना प्रत्येक इंजिनिअर वाढवून मागतो. माझे वडील बैलबाजारात दलाल होते. सौद्यात रुमालाखाली भावासाठी धरलेली पहिली बोटं कधीच खरी नसतात, हे मी शाळेत असतानाच शिकलो. म्हणून मी प्रत्येकाच्या आकड्याला सरसकट कात्री लावायचो. कुणाचं काही अडलं नाही. साध्या डिप्लोमावर टीम लीड झालो तो याच जोरावर.

मग मॅनेजरने ठरलेल्या चिपची एक बाजू अचानक कमी केली. फोनवर हसत म्हणाला, "यू विल मॅनेज." क्लायंट होता, ओरडता येईना. मी धुमसत असतानाच मार्था आली. आईच्या डायलिसिससाठी पुण्याची नोकरी सोडून नगरला आलेली, अजून प्रोबेशनवर.

"सर, माझ्या ब्लॉकला एक पूर्णांक दोन चौरस मिलिमीटर लागेल."

"एक घ्या."

"मी वाढवून नाही सांगितलं. यात वायरी फार आहेत. सर्किटचे सेल बसतील, पण वायरींना वाट उरणार नाही."

"सगळे हेच म्हणतात."

"सगळ्यांचं मला माहीत नाही. मी माझं सांगतेय."

"येडं समजता का मला?"

ती उठली नाही. "मग निदान चौकोनी तरी द्या."

मी तिला मेमरीच्या कडेची अरुंद पट्टी दिली. तेवढीच उरली होती.

तीन आठवडे ती झगडली. वायरी कशाही वळवल्या तरी पट्टीच्या मधोमध तुंबायच्या. मॅनेजरने कारण मागितलं. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'ब्लॉक ओनरचा अंदाज चुकला.' ब्लॉक आमच्याकडून काढून बंगळूरला, क्लायंटच्या टीमकडे गेला. तिथे तो एक पूर्णांक दोनमध्ये, चौकोनी, पहिल्याच रनमध्ये बसला. जागा इतरांच्या आकड्यांतून निघाली. मी कापूनही त्यांच्याकडे शिल्लक होती. मी शोधलीच नव्हती.

मार्थाचं प्रोबेशन वाढलं. पुढच्या प्रोजेक्टला ती आली.

"सर, दोन लागेल."

काम दीडचं होतं. मलाही दिसत होतं. "एवढी?"

"तुम्ही कापणारच ना. शिकले मी."

मला तिच्याकडे बघवेना. ऑफिसात एकच माणूस खरा आकडा सांगत होता. तोही मी बिघडवला.

त्याच दिवशी मी मालकांना मेल केला. आकडा मी कापला, पट्टी मी दिली, रिपोर्टमधली ती ओळ खोटी आहे. महिना झाला. मालक म्हणतात, "प्रोजेक्ट संपला, आता कशाला उकरता?"

मी सोडणार नाही. मालकांना परत तेच सांगतो: चिपची बाजू का कापली, हे त्या मॅनेजरला विचाराच. पण त्याच्याआधी मला मीटिंगमध्ये मार्थासमोर उभं करा आणि विचारा, ती ओळ कुणी लिहिली?