माईकवरचे भावजी

माझे भावजी, म्हणजे ताईचे मिस्टर, बसस्थानकावर निवेदक होते. त्यांना मी अजून अहोजाहो करते ते सवयीनं, मान आहे म्हणून नाही. काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली रखडली, कुणाचं पोर हरवलं, हे ते माईकवर सांगत. आवाज असा, की गाडी रद्द झाल्याचं ऐकूनही माणसं खूश होऊन बाकावर बसत. सगळं गाव त्यांना प्रेमानं 'भोंगा' म्हणायचं. कुणाचाही कार्यक्रम असो, माईक भावजींच्याच हातात.

घरात मात्र त्यांचा आवाज कधी चढला नाही. शेजारणी मला म्हणायच्या, "तुझी बहीण नशीबवान हो, भिंतीपलीकडे एक शब्द येत नाही." येईल कसा? मारताना ते बोलतच नसत. ताईची बोटं फटीत धरून दार लावलं तेव्हाही नाही. पाठीवर इस्त्री टेकवली तेव्हा ताईनंच तोंडात उशीचा अभ्रा कोंबला होता, पोरीची झोपमोड नको म्हणून. सगळं उरकलं की ते बेसिनवर हात धुवायचे, साबण लावून, कोपरापर्यंत. आणि हळूच म्हणायचे, "ऊठ, जेवण गार होतंय." हे मला भाचीनं सांगितलं, ती जागीच असायची. ताईनं इतकी वर्षं मला फक्त 'पडले' एवढंच सांगितलं होतं.

एकदा ताई पोरीला घेऊन निघाली होती. आमचा दादा दुसऱ्या गावी असतो, त्याच्याकडे. बसमध्ये बसली, आणि फलाटावरच्या कर्ण्यातून तोच गोड आवाज आला, "हिरवी शाल पांघरलेल्या बाईंनी आपल्या मुलीसह खाली उतरावं, घरचे वाट पाहत आहेत." गाडीतल्या लोकांनीच कौतुकानं तिला खाली उतरवलं. त्या रात्री तिचं मनगट मोडलं.

गावातून बाहेर जायचं तर बसनंच, आणि प्रत्येक कंडक्टर भावजींचा दोस्त. ड्यूटी नसली की ते घरात, आणि ड्यूटी असली की काचेच्या खोलीत. कुणी ताईला स्थानकाच्या आसपास पाहिलं की त्यांचा फोन वाजणार. फोन बंद असायचा तो एकाच वेळी, बाहेरच्या कार्यक्रमात माईकवर उभे असताना. त्याबाबतीत ते फार कडक होते.

मी संग्रहालयात काम करते. दारातल्या खिडकीशी बसून लोकांच्या बॅगा घ्यायच्या, बिल्ला द्यायचा, परत करताना बिल्ला घ्यायचा. तिथं लिहिणाऱ्या मुलामुलींचा वर्ग सुरू झाला. एकेक चित्र निवडायचं आणि त्याच्यासमोर बसून कविता नाहीतर गोष्ट लिहायची. भाचीला मीच त्यात घातलं. सतरा वर्षांची पोर, घरात तोंड उघडायची नाही, आणि कागदावर नुसती सुटायची.

बाकीची पोरं लढाईच्या मोठ्या चित्रापुढं ठाण मांडून बसली. एकानं तर पानभर मुंडकी उडवली, एका कवितेत रक्ताचे इतके पाट वाहिले की घोडे बुडाले. वर्गाच्या बाई, बिचाऱ्या, सगळ्यांना 'छान' म्हणत. भाचीनं निवडलं ते कोपऱ्यातलं वीतभर चित्र. एक टेबल, त्यावर पांढरं कापड, एक तांब्या, एक सुरी, कापलेलं फळ. माणूस एकही नाही. मी तिला म्हटलं, "यात काय लिहिणार तू, भाजीचा हिशोब?" ती म्हणाली, "मावशी, यात सगळं होऊन गेलंय."

वर्गाचा एक नियम होता. शेवटच्या कार्यक्रमात कुणी स्वतःचं लिखाण वाचायचं नाही आणि नावंही सांगायची नाहीत. लिहिलेलं आपल्या पायांवर उभं राहिलं पाहिजे, असं बाईंचं म्हणणं. मग वाचणार कोण? भाची म्हणाली, "माझे बाबा वाचतील."

योजना तिचीच. ती रोज दप्तरातून दोनतीन कपडे आणायची, मी ते माझ्या खणात बॅगेत भरायची. कार्यक्रमात पडद्यावर चित्र दाखवणार, म्हणून दालनात अंधार. दिवा फक्त वाचणाऱ्याच्या मेजावर. त्याला समोरचं काही दिसत नाही. ते माईकवर, फोन बंद. तेवढ्यात बाजूच्या दारानं बाहेर, दोन गल्ल्या ओलांडल्या की स्थानक. परत अशी संधी मिळाली नसती, आणि पकडली गेली असती तर ताई जिवानिशी गेली असती, हे आम्हां तिघींनाही माहीत होतं.

भावजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. ताईला पुढच्या रांगेत बसवलं, मला विचारलं, "काय मेहुणीबाई, आमच्याकडूनही बिल्ला घेणार का?" मी हसले. लोक हसले.

वाचलं मात्र सुंदर, ते कबूल करायलाच हवं. त्या पोराची मुंडकीसुद्धा अशी उडवली की बायांनी डोळे मिटले. तिसऱ्या कवितेला ताई उठली आणि अंधारातून माझ्याकडे आली. बॅग दिली, पुढं पाठवलं. आता पोरगी. ती दाराशी आली आणि थांबली.

"चल," मी म्हटलं.

"माझं पुढचंच आहे. तेवढं ऐकून निघू."

"अगं, बस सुटेल."

"मावशी, पहिल्यांदाच कुणीतरी माझं वाचतंय."

खाण तशी माती, दुसरं काय! तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली मला. पडद्यावर ते टेबल आलं.

"'हे टेबल रिकामं नाही,'" भावजी वाचू लागले. "'कापड एका बाजूनं ओढलं गेलंय, पण वाऱ्यानं नाही. टेबलाखाली एक बाई आहे आणि कापडाचं टोक तिच्या मुठीत आहे. तिचे दोन दात जमिनीवर पडलेत. ते चित्रकारानं काढले नाहीत, कारण चित्रकार त्या घरच्या माणसाचा मित्र होता.'" भावजींनी पान उलटलं. "'माणूस चौकटीच्या बाहेर आहे. तो हात धुतोय, कोपरापर्यंत...'"

भावजी थांबले. लोकांना वाटलं, काय दम घेतलाय! मी भाचीचा दंड ओढत होते. ती हलेना.

मग त्यांनी कागदावरची नजर काढली आणि अगदी मायेनं म्हणाले, "'हात पुसून तो वाकला. म्हणाला, माझं चुकलं. तिला हात देऊन उठवलं, तिचे डोळे पुसले, आणि दोघं जेवायला बसली.'"

दालनभर सुस्कारा गेला. कुणीतरी "वा" म्हणालं. टाळ्या सुरू झाल्या.

"असं नाही लिहिलेलं," भाची म्हणाली.

टाळ्या विरल्या. ती माझ्या हातातून सुटली आणि मधल्या वाटेनं चालत गेली, सरळ दिव्याच्या उजेडात. "ती उठत नाही," तिनं पाठ असलेलं म्हटलं. "ती टेबलाखालून त्याच्या पायांकडे बघते आणि त्याची मान किती उंचीवर असेल, याचा अंदाज घेते. सुरी टेबलावर आहे. इथं गोष्ट संपते, बाबा. नीट वाचा."

भावजींनी तिचे केस धरले आणि तिचं तोंड मेजाच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. एक शब्द न बोलता. आणि कुणीतरी, देवा, कुणीतरी टाळी वाजवली. त्याला तो कार्यक्रमाचाच भाग वाटला होता.

मी कशी पोचले आठवत नाही. माईकचा स्टँड हातात आला, बुडाला लोखंडी चकती असलेला. पहिला घाव खांद्यावर बसला, हाड मोडल्याचं मला हातात कळलं. ते वळले तसा दुसरा गुडघ्यावर. ते कोसळले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तिसराही घातला असता, पण संग्रहालयाच्या पहारेकऱ्यानं मला मागून धरलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, मला सोडून तो भावजींच्या छातीवर बसला. मी पोरीला उचललं.

गल्ल्यांतून पळताना ती रुमाल तोंडावर दाबून रडत होती. मी म्हटलं, "दुखतंय ना, बाळा?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. "लोकांना त्यांचा शेवट आवडला, मावशी."

बस लागलेली होती. ताई खिडकीशी होती. पोरीचं तोंड बघून ती अर्धी उभी राहिली. मी धापा टाकत घडलं ते सांगितलं, भावजींनी काय वाचलं तेही.

"चुकलं म्हणाले?" ताईनं विचारलं. "चारचौघांत?"

मी हो म्हटलं. तिनं बॅगेचा पट्टा धरला. तिचा चेहरा पाहिला आणि मला कळलं. ती उतरणार होती. इतकं सगळं करून ती एका वाक्यासाठी उतरणार होती.

"पुन्हा सांग," ती पोरीला म्हणाली. "जसं ते म्हणाले तसं."

भाचीनं रुमाल काढला. फुटलेल्या ओठांनी तिनं ते बोलून दाखवलं, शब्दन् शब्द, बापाच्याच ढंगात. माझं चुकलं. हात देऊन उठवलं. डोळे पुसले. प्रत्येक शब्दाबरोबर रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं. ताईनं पापणी न हलवता शेवटपर्यंत ऐकलं.

कंडक्टर आला. ताईला ओळखून थबकला. "वहिनी, भाऊंना माहीत आहे ना?" त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला होता.

ताईनं पोरीची हनुवटी धरून तिचं तोंड त्याच्याकडे वळवलं. त्याचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला.

"हे मी ऐकलेलं आहे," ताई पोरीला म्हणाली. "दर वेळी मारून झालं की रात्री माझ्या कानात हेच सांगतात." मग तिनं बॅग सीटखाली ढकलली आणि कंडक्टरला म्हणाली, "दोन पूर्ण द्या."