गोदूबाईनं तोललेली गाडी

चौक गावच्या रस्त्याला मोटार आली की आमी कडाव गावची माणसं अजून कौतुकानं बोलायचो, तवाची गोष्ट. आमच्याकडं शर्यतीची बैलगाडी तोलावी ती गोदूबाईनं. बाईमाणसाचं काम हाय का हे, म्हणून नाकं मुरडणारे होते, मुरडेनात मेले! तिचा नवरा नागू गाडीत बसायचा आन् ही एका बोटावर जू उचलून बघायची. जू आपसूक वर उठलं की गाडी मागं जड, म्हंजे उलार. उलार गाडी वळणावर माणूस फेकते. मग ती नागूला पुढं सरकायला लावायची. तरी एका शर्यतीत गाडी उलटली आन् नागू चाकाखाली गेला.

वरीस सरलं, तसा धाकटा दीर पोपट हट्टाला पेटला. दादाची गाडी मीच पळवणार म्हणाला. गोदूबाईला मूलबाळ नाय, पोपटला तिनंच लहानाचा मोठा केलेला. नको नको म्हणून ती थकली. शेवटी म्हणाली, मी तोलल्याबिगर गाडी जुंपायची नाय.

भर दुपारी अंगणात गाडी काढली. मी शेजारीण, तिथंच भात पाखडत होते. गोदूबाईनं बोट लावायच्या आधीच जू वर उठलं. गाडीत कुणी नव्हतं. पुढं भाताचं पोतं ठेवलं, तरी तेच. चाकांचा आस सरकला असंल म्हणून पोपट गाडीखाली शिरला.

गोदूबाई गाडीच्या मागं गेली. रिकाम्या फळ्यांकडं बघत, रोज घरात बोलायची तशी हळू बोलली, "अवो, पोपट बसणार हाय. जरा पुढं सरका."

फळ्या करकरल्या, मागून पुढं, एकेक करून. जू खाली येऊन तिच्या बोटावर टेकलं. पोपटला काय कळलं नाय आन् आमी दोघींनी सांगितलं नाय.

शर्यतीत वळणावर एक चाक बांधावर चढलं. भीतीनं मी डोळेच मिटले. उघडले तवा गाडी सरळ पळत होती.

पोपट परत आला तो पांढराफटक. वयनीपुढं मटकन बसला. वळणावर मी उडालोच होतो, म्हणाला, पण मागून कुणीतरी कमरेला मिठी मारून खाली ओढलं. त्यानं बंडी वर केली. पोटावर बोटांचे वळ होते.

गोदूबाईनं त्या वळांवरून हात फिरवला. वरीसभर डोळ्यांतून टिपूस न काढलेली बाई, तिथं हमसून हमसून रडली.

"त्यांना मातर कुणी धरलं नाय रं," म्हणाली.