आत्याचा श्वास

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. कुरुंद्याला माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी मी सगळ्यांच्या वर आवाज चढवून गाणी म्हटली आणि दुसऱ्या दिवशी माझा आवाजच बसला. ओवाळायच्या गाण्याला तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. बायका हसल्या. मी आतल्या खोलीत जाऊन रडत बसले.

लग्नाला वसमतची आत्या आली होती. ती विधवा, दम्यानं बेजार. तिचे यजमान गाणं शिकवायचे. त्यांच्याकडूनच ती शिकली होती. जाताना ती मला बरोबर घेऊन गेली.

आवाज परत येईपर्यंत तिनं मला बोलू दिलं नाही. मग एका सकाळी सतरंजीवर उताणं निजवलं आणि पोटावर पितळी वाटी ठेवली.

"श्वास घे. वाटी वर आली पाहिजे, खांदे न्हाई."

माझे खांदेच वर जायचे. वैतागून मी विचारलं, "आत्या, गाणं कधी शिकवशील?"

"हेच गाणं आहे. तुला लई दम आहे, म्हणून पहिल्याच ओळीत उधळून टाकतीस. मला थोडाच मिळतो, तो मी पुरवते. गळ्यानं काहून ओढून राहिली? पोटातून सोड, हळूहळू."

तिनं सा लावला. बारीक, पण सरळ. तिच्याबरोबर धरलेला माझा सूर आधी तुटला. मग तिला खोकला आला आणि मी पाठ चोळू लागले. पुढे हे रोजचंच झालं. ती गायची तेव्हाही माझा हात पाठीवर असायचा आणि तिच्या फासळ्या हळूच रुंदावलेल्या कळायच्या. श्वास कुठे भरायचा, ते मला तिथं समजलं.

पुढच्या उन्हाळ्यात साखऱ्याला चुलतबहिणीचं लग्न निघालं. मांडवात आम्ही दोघींनी गाणं धरलं. दुसऱ्या कडव्याला आत्याला ढास लागली. मी थांबले. तिनं हातानंच खुणावलं, म्हण. मी पोट सैल सोडलं, श्वास भरू दिला आणि एकटीनं गाणं उचललं. न ओरडता आवाज मांडवाच्या टोकापर्यंत गेला. बोलणाऱ्या बायका गप्प झाल्या.

ढास थांबली तरी आत्या पुन्हा गायली नाही. परतताना बैलगाडीत मी विचारलं, "तू मागून काहून म्हटलं न्हाई?"

"मला ऐकायचं होतं," ती म्हणाली. "सोबत गायलं की बराबर ऐकू येत न्हाई."

थोड्या वेळानं तिला माझ्या मांडीवर झोप लागली. गाडी हिसका खायची तेव्हा मी तिचं डोकं सावरायचे.